परकर नेसलेला ट्रेलर

वाऱ्याशी उभं वैर धरलेला माणूस जगात एकच असेल, आणि तो माझा सख्खा मामा आहे. लोक बांधावरून भांडतात, वाटणीवरून भांडतात. मामाचं भांडण अंगाला लागणाऱ्या वाऱ्याशी. न्हावा शेव्याहून पुण्याकडे कंटेनर ओढणारा त्याचा स्वतःचा ट्रेलर आहे, आणि निम्मं डिझेल वाराच पितो असं त्याचं ठाम मत आहे. आमच्या दोन्ही घराण्यांत पदवी घेतलेला पहिला माणूस मी, तीही फिजिक्सची, आणि हे मी कुणी न विचारताही सांगतो. म्हणून मामाने मिशी उतरवली तेव्हा मामी आधी माझ्याकडे धावत आली. आमच्यात बाप गेल्याशिवाय कोणी मिशी काढत नाही, आणि आजोबा तर ओटीवर चहा पीत बसलेले. रस्त्यात मामाचा चेहरा बघून शेजारीपाजारी डोळे पुसत घरात शिरू लागले, आणि आजोबा बिचारे प्रत्येकाला विचारत होते, कोण गेलं रे? मामाचं म्हणणं एवढंच, की बुलेटवर बसलं की मिशीत वारा अडतो.

वारा दिसत नाही ही मामाची मोठी अडचण. तो पकडायला त्याने मामीचा अर्धा विणलेला स्वेटर उसवला आणि कंटेनरच्या अंगभर लोकरीचे वीतभर धागे चिकटवले. ट्रेलर पळताना धागा आडवा राहिला की वारा सरळ जातोय; फडफडला की तिथे गोंधळ आहे. कल्पना चुकीची नव्हती, हे मला पदवीधर म्हणून मान्य करावं लागलं. पण पळस्प्याला आम्ही चहाला उतरलो आणि परत येऊन बघतो तर एक बाई ट्रेलरला हात जोडून उभी. तिला वाटलं, नवसाची गाडी आहे. तिच्यामागे चारपाच जण, पुढच्या चाकाशी नारळ फुटलेला, आणि कुणीकुणी आपलेही धागे बांधून मोकळे झालेले. मी हादरलो. मामाही हादरला, पण वेगळ्या कारणाने. "आवो ताई, जाडा दोरा नका बांधू," तो काकुळतीला येऊन सांगत होता, "त्याच्यानं वारा नीट कळत नाय."

धाग्यांनी शेवटी निकाल दिला. सगळ्यात जास्त धिंगाणा ट्रेलरच्या पाठीमागे होता. "वारा पुढून अडवतो तो थोडा," मामा म्हणाला, "मागून खेचतो तो जास्ती." लगेच मागच्या दारांना आत झुकलेले पत्र्याचे पंख बसले, आणि चाकांमधून घुसणारा वारा रोखायला दोन्ही बाजूंना जमिनीला टेकतील असे पडदे आले. हायवेवरचे ड्रायव्हर त्याला ट्रेलरचा परकर म्हणू लागले. हा परकर वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सचा होता, त्यामुळे कुठल्याशा पुढाऱ्याचं हसू नेमकं मागच्या टायरशेजारी आलं, तेही उलटं. कार्यकर्ते जाब विचारायला दारात उभे राहिले. मामाने त्यांना चहा पाजला आणि म्हणाला, तुमच्या साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी डिझेल वाचवलंय. ते चहा पिऊन गेले.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं, इथल्या इथे, शेजारच्या आपटा गावच्या मुलाशी. तिने मला बाजूला घेऊन एकच मागणं मागितलं. "दादा, माझी गाडी फुलांनी भरलेली पायजे. बाबा एक फूल ठेवणार नाय. तू डिग्रीवाला ना, मग तूच संभाळ." तिची भीती खोटी नव्हती. माझ्या लग्नात मामाने गाडीचे सगळे हार वाटेत काढून डिकीत कोंबले होते. मी मांडवापाशी उतरलो तरी लोक नवरदेवाची गाडी कुठे राहिली म्हणून माझ्या मागे बघत होते.

म्हणून पाठवणीपर्यंत मी गाडीपाशी खडा पहारा दिला. पाणी प्यायला म्हणून जरा हललो, तेवढ्यात मामा गाडीच्या मागे वाकलेला दिसला. ओरडायला उघडलेलं माझं तोंड उघडंच राहिलं. मामा हार काढत नव्हता, बांधत होता. मांडवाच्या कमानीवरचे हार तोडून आणले होते आणि टपावर, आरशांवर, डिकीवर, जिथे म्हणून वारा अडेल तिथे तो ते गुंडाळत होता. दारचा केळीचा खांबसुद्धा त्याने मागे आडवा बांधला होता.

"मामा, अरे अशानं गाडी पळेल कशी?"

"नको पळू दे," तो वर न बघता म्हणाला. "आपटा हाय तरी किती लांब. पळाली तर लगेच पोचल."

गाडी हलली तेव्हा मला दिसलं, मागच्या काचेवर लोकरीचा एक धागाही चिकटवलेला होता. मामा डिकीवर हात ठेवून चार पावलं चालला, मग हात सुटला. गाडी सावकाश वळणापर्यंत गेली.

"बघ, धागा हलत पण नाय," मामा म्हणाला. "वारा लागतच नाय तिला."

तेवढ्या लांबून मला धागा दिसत नव्हता. मामाचे डोळे तर भरलेले, त्याला कुठून दिसणार.

"नाय लागत," मी म्हणालो.