कडुनिंबाची फळी

ओलं लाकूड घड्याळात बसवायचा मूर्खपणा मी केला आहे, आणि तोही मोठ्या दिमाखात. तेव्हा मी चिखलीच्या घरातली नवी सून होते. धान्याच्या कोठीत कडुनिंबाचा पाला घातला की कीड लागत नाही, एवढ्या ज्ञानावर स्वतःला फार शहाणी समजायची.

सासरे गेले, मागे त्यांचं भिंतीवरचं जुनं घड्याळ राहिलं. तास झाला की त्यातली सुरांची पेटी वाजायची. सासूबाईंना डोळ्यांनी दिसत नसे. धून लागली की त्या बसल्या जागी तिकडे मान वळवायच्या. पुढे पेटीखालची फळी वाळवीनं पोखरली. सुतार म्हणाला, "जुन्या दाराचं सागवान पाहून देतो, थांबा थोडं."

मी कसली थांबते! अंगणातला कडुनिंब नुकताच तोडला होता. "याचीच फळी बसवा. मग वाळवीची काय बिशाद?"

"वहिनी, हे ओलं हाय."

मी त्यालाच हसले.

उन्हाळ्यात फळी सुकून वाकली, पेटी तिरपी झाली आणि तिचे सूर काढणारे दाते मोडले. धून गेली, घोगरी घरघर तेवढी उरली. वाळवी मात्र लागली नाही हं, ते श्रेय माझंच!

सुतारानं हात टेकले, तेव्हा मी सासूबाईंच्या पायाशी बसून रडले. तास झाला. त्यांनी सवयीनं मान वळवली, ती घरघर शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाल्या, "रडू नको वं पोरी. शेवटी शेवटी त्याइचा आवाजबी असाच झाला होता."