मास्तरांना उचलण्याची रीत

पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीवर सतरा वर्षं बसल्यामुळे ऑफिसात त्यांना सगळे तक्रारबाई म्हणत. स्वतःची तक्रार करायची मात्र बाईंना सवय नव्हती. कंबर धरली तेव्हा आठ दिवस त्यांनी कोणाला पत्ता लागू दिला नाही. नवव्या दिवशी पडलेलं पेन उचलायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. शेवटी खिडकीबाहेरच्या माणसानेच आत निरोप धाडला, की तुमच्या बाई टेबलाखाली गेल्या आहेत आणि माझा नळ अजून कोरडाच आहे.

कंबर कशाने गेली हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंचे सासरे तंत्रशाळेत तीस वर्षं लेथ चालवायला शिकवून निवृत्त झालेले. गल्लीत, दुकानात, घरात, सगळीकडे ते मास्तरच. वर्षभरापूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, हात आणि पाय आले नाहीत. बाईंचे यजमान टँकरवर ड्रायव्हर, आठवड्यातले पाच दिवस रस्त्यावर. तेव्हा उचलण्याचं काम बाईंकडे आलं. चाकाची खुर्ची न्हाणीघराच्या दारातून दोन इंचांसाठी आत जात नव्हती. म्हणून रोज सकाळी मास्तरांना खुर्चीतून उचलायचं, दोन पावलं चालायचं आणि आतल्या स्टुलावर बसवायचं. दोन पावलं म्हणजे काय मोठंसं, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्रेपन्न किलोंचा माणूस मिठीत घेऊन ती चालून बघावीत. पहिले काही आठवडे तर दोघंही संकोचाने वेगवेगळ्या भिंतींकडे बघत असत, त्यामुळे दाराची चौकट मास्तरांच्या कोपराला रोज लागायची.

फिजिओथेरपिस्टने बाईंना तपासलं आणि सांगितलं की अजून काही मोडलेलं नाही, पण तुम्ही चुकीचं उचलता. उचलणं थांबवता येत नसेल तर नीट उचलायला शिका. डेडलिफ्ट शिका, जमिनीवरचा बार उचलायचा, पाठ सरळ ठेवून. मात्र जाणत्या माणसाच्या नजरेखाली शिका, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्हालाच उचलायला कोणीतरी शोधावं लागेल.

ही बातमी नणंदेपर्यंत पोचली. नणंद वाईट नव्हती हे आधीच सांगितलेलं बरं. तिने एक वृद्धाश्रम पाहून ठेवला होता, जागा चांगली होती, बाग होती, रात्री नर्स होती. फॉर्मसुद्धा भरून ठेवला होता, फक्त सही राहिली होती. तिने फोनवर स्वच्छ सांगितलं, की वहिनी, आणखी एकदा तुझी पाठ गेली की मी बाबांना तिकडे नेणार, मग मला कोणी अडवायचं नाही. बाईंच्या यजमानांनी टँकरमधून मान डोलावली, म्हणजे तसं त्यांनी नंतर सांगितलं. मास्तर पलंगावर पडून सगळं ऐकत होते. जो हळू बोलतो त्याला ऐकूही हळू येतं, असा लोकांचा समज असतो. संध्याकाळी त्यांनी बाईंना एवढंच विचारलं, की तिथे प्रत्येकाला खिडकी मिळते का.

मास्तरांवर बाईंचा जीव होता. लग्नानंतर नोकरीची परीक्षा द्यायची म्हटल्यावर घरातून एकट्या मास्तरांनी हो म्हटलं होतं, आणि परीक्षा चालू असताना केंद्राबाहेर तीन तास उभे राहिले होते. बाहेर उभं राहून त्यांनी काय साधलं हे कोणी विचारलं नाही. पण बाईंना वरच्या मजल्यावरच्या वर्गातून ते दिसत होते.

तेव्हा बाईंनी जिम धरली. तळघरातली, आरसे जास्त आणि हवा कमी. तिथला प्रशिक्षक सांगत होता की तंत्र शिकायचं तर पर्सनल ट्रेनिंग घ्या, रोज सकाळी सहा, तीन महिने, फी आधी. फी ऐकून बाईंनी ती पुन्हा एकदा सांगायला लावली, कारण पहिल्यांदा त्यांना तो फोन नंबर वाटला. शिवाय बाईंची पाळी दर आठवड्याला बदलायची. एक आठवडा सकाळ, एक दुपार, एक रात्र. सहाची वेळ त्यांना तीनांतून एकच आठवडा जमणार होती. प्रशिक्षक म्हणाला, शरीराला शिस्त लागते. बाई म्हणाल्या, ती माझ्या साहेबांना लावा.

मग ऑनलाइन कोच पाहिला. स्वस्त होता आणि कधीही व्हिडिओ पाठवा म्हणत होता. बाईंनी शेजारच्या ट्रेडमिलला फोन टेकवून आपला व्हिडिओ काढला आणि पाठवला. उत्तरात आगीची तीन चित्रं आली. दुसऱ्या व्हिडिओला चार आली. पाठ तशीच दुखत होती, म्हणून बाईंनी विचारलं की चार म्हणजे बरोबर की चूक. त्यावर अंगठ्याचं चित्र आलं. पाण्याच्या तक्रारींना आपलं खातंही याहून बरं उत्तर देतं, असं बाईंना सतरा वर्षांत पहिल्यांदा वाटलं.

तिसरा व्हिडिओ त्या मास्तरांच्या पलंगाच्या कडेला बसून बघत होत्या. मास्तरांनी डावा हात पुढे केला. फोन घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा बघितला. मग टेबलावरची सहा इंची पोलादी पट्टी मागितली, ती पडद्यावर उभी टेकवली आणि बाईंना व्हिडिओ सावकाश पुढे सरकवायला लावला. बार पट्टीला सोडून पुढे गेला, गुडघ्यापाशी वळसा घेऊन परत आला.

"बार रेघेत जात नाही," मास्तर म्हणाले. एकेक शब्द वेगळा ठेवत बोलायचे ते. "आणि तू हिसका देतेस. मला पण देतेस. रोज आधी माझी बगल वर जाते, मग मी जातो."

बाई म्हणाल्या, "मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"उचलणाऱ्याला काय बोलायचं."

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. मास्तरांनी उभ्या आयुष्यात बार उचलला नव्हता. पण सरळ म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं, आणि चुकीचं उचलल्यावर कसं लागतं हे त्यांच्याइतकं जिममधल्या कोणालाच माहीत नव्हतं. बारचं मत विचारता येत नाही, मास्तरांचं येत होतं. आधी वजन हातात घे, मग पाय जमिनीत दाब. हात दोरीसारखे, त्यांनी ओढायचं नाही. ढुंगण आधी वर जातंय, हे त्यांनी सुनेला कसं सांगावं या विचारात दोन दिवस घालवले आणि शेवटी 'मागचा भाग' असं म्हणून मोकळे झाले. बाई सकाळी मास्तरांवर सराव करायच्या, मग जिममध्ये बारवर, आणि आल्यावर पट्टी लावून दोन्हींची झडती व्हायची. वेळेची अडचण नव्हती. रात्रपाळीनंतर सकाळी या, दुपारपाळीनंतर रात्री या, कोच जागेवरच असायचा. फी म्हणून त्यांना रोज ऑफिसातल्या तीन चांगल्या तक्रारी सांगाव्या लागत. एका गृहस्थांच्या नळाला सांगितलेल्या वेळेलाच पाणी आलं म्हणून त्यांना संशय आला होता आणि त्यांनी लेखी खुलासा मागितला होता. ती तक्रार मास्तरांनी दोन दिवसांची फी म्हणून धरली.

चार महिन्यांत बारवर साठ किलो झाले, सहा महिन्यांत सत्तर. कंबर दुखायची थांबली. मास्तरांना उचलणं तर इतकं सोपं झालं की बाई मध्येच थांबून पायाने न्हाणीघराचं दार लोटू लागल्या. चौकट आता कोपराला लागत नव्हती. बाई म्हणायच्या, बाबा, आज तर कळलंच नाही. मास्तर म्हणायचे, तंत्र सुधारलं. आधी हे ते कौतुकाने म्हणत, मग रोज म्हणू लागले, विचारलं नाही तरी म्हणू लागले.

नणंद बघायला आली तेव्हा तिला प्रयोग करूनच दाखवला. बाईंनी पलंगावरून मास्तरांना उचललं, खोलीत एक फेरी मारली आणि खुर्चीत ठेवलं. नणंद बघतच राहिली. बाबा जरा बारीक दिसतात, एवढं म्हणाली. मास्तरांनी तिला सांगितलं की स्वेटर तुझ्या नवऱ्याचा आहे, त्यात हत्तीही बारीक दिसेल. नणंद हसली. जाताना तिने वृद्धाश्रमाचा फॉर्म पर्समधून काढला, फाडला आणि बाईंना जवळ घेतलं. त्या दिवशी बाईंना खरोखर जिंकल्यासारखं वाटलं.

पुढच्या मंगळवारी खात्याने कोणालाही न विचारता पाळ्या बदलल्या. रोज बाई आधी मास्तरांची अंघोळ उरकून जिमला जायच्या, त्या दिवशी क्रम उलटा झाला. आधी जिम. नेहमीप्रमाणे अंग गरम करायला चाळीस किलो लावले, पाच वेळा उचलले, मग वाढवत सत्तरपर्यंत गेल्या, आणि शेवटी पुन्हा चाळीस. घाम न पुसताच घरी आल्या, मास्तरांच्या बगलेखाली हात घातले, वजन हातात घेतलं, पाय दाबले. आणि हातांना जे कळायचं ते कळलं. बाई उभ्या राहिल्या तिथेच थांबल्या. हे वजन त्यांनी वीस मिनिटांपूर्वी उचललं होतं आणि त्याला त्या अंग गरम करणं म्हणत होत्या.

बाईंनी नेहमीसारखी अंघोळ घातली. स्वेटर घालताना तो पहिल्यांदा नीट बघितला, आणि त्याच्या आतला माणूसही. आपण रोज या माणसाला मिठीत घेतो आणि बघतो मात्र फोनवरच्या बारकडे, याची त्यांना मनापासून लाज वाटली. दुपारी त्या कामावर गेल्याच नाहीत. जेवणाचं ताट मास्तरांना देऊन स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहिल्या. मास्तरांनी दोन घास खाल्ले, तिसऱ्याला तोंड वाकडं करून घसा धरला, आणि उरलेलं ताट डाव्या हाताने खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर सरकवलं. तिथे मांजर आधीच येऊन बसलं होतं. वेळ त्याला पाठ होती.

बाई खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या शेजारणीकडे गेल्या आणि तिचा वजनकाटा घेऊन आल्या. मास्तरांनी काटा बघितला आणि डोळे मिटले. झोप आली म्हणाले.

उभं राहता न येणाऱ्या माणसाचं वजन करायची घरात एकच रीत असते. बाईंनी आधी स्वतःचं वजन बघितलं, त्रेसष्ट. मग मास्तरांना दोन्ही हातांवर आडवं उचललं आणि काट्यावर चढल्या. तेव्हा लक्षात आलं की मध्ये मास्तर आल्यामुळे आपल्याला काटा दिसतच नाही. मास्तरांची मान दंडावरून खाली झुकली होती. चष्मा नाकावर होता. त्यांना स्पष्ट दिसत होतं.

"किती?" बाईंनी विचारलं.



"एकशे पंधरा," मास्तर म्हणाले.

बाई हलल्या नाहीत. "बाबा, परत वाचा."

तीस वर्षं मुलांना माप बिनचूक घ्यायला शिकवलेल्या माणसाला खोटं माप सांगणं जड जात असावं.

"एकशे दोन," ते म्हणाले.

एकोणचाळीस. दोघांनीही वजाबाकी मनातच केली.

मग मास्तरांनी सांगितलं, तुकड्या-तुकड्यांत. गिळताना दुखतं, तीन महिने झाले. बोललो असतो तर दवाखान्यात नेलं असतंस. दवाखान्यातले म्हणाले असते, हे घरी जमणार नाही. तिथून परस्पर मला तिकडे ठेवलं असतं. एवढं बोलून त्यांना धाप लागली.

"तुम्हाला उचलतं कोण?" बाईंनी विचारलं.

"तू."

"आणखी कोणाला येतं?"

मास्तरांनी विचार केला. टँकरवाल्या मुलाचा, बागवाल्या वृद्धाश्रमावर भाळलेल्या मुलीचा. "नाही."

"मग मी उचलल्याशिवाय तुम्ही जाणार कुठे? उद्या सकाळी दवाखान्यात नेणार आहे. मीच नेणार, मीच परत आणणार."

मास्तरांनी हे वर्गातलं एखादं उत्तर तपासावं तसं तपासलं. चूक सापडली नाही. डावा हात त्यांनी हळूच बाईंच्या खांद्यावर टाकला, जो एरवी उचलताना ते कधी टाकत नसत, कारण त्याने तोल जातो असं त्यांनीच शिकवलं होतं.

"ठेव आता खाली," ते म्हणाले. "पाठ भरून येईल."

"नाही येत," बाई म्हणाल्या, आणि काट्यावरून उतरून त्यांना तसंच हातांवर घेऊन उभ्या राहिल्या. एकोणचाळीसच तर होते.