उजव्या हाताचा सराव

माझी मावशी कपडे शिवते आणि कुणापुढे हार मानत नाही. दोन्ही गोष्टींचा तिला सारखाच गर्व आहे.

तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. यात मज्जातंतूंवरचं आवरण शरीर स्वतःच कुरतडतं. "आतलं अस्तर उसवतंय," असं ती गिऱ्हाइकांना सांगते आणि पुढच्या प्रश्नाला जागाच ठेवत नाही. बोटांत सुई टिकेना, तेव्हा ती एका नव्या औषधाच्या चाचणीत सामील झाली. आपल्याला खरं औषध मिळतंय की नुसतीच गोळी, हे तिला ठाऊक नाही, देणाऱ्यांनाही नाही. दर तीन महिन्यांनी नऊ खुंट्या नऊ भोकांत बसवायच्या आणि काढायच्या, आधी उजव्या हाताने, मग डाव्या. संशोधक बाई वेळ मोजतात.

पहिल्या खेपेला उजव्या हाताला चाळीस सेकंद लागले. मावशीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने सुताराकडून तश्शीच फळी करून घेतली आणि रोज दुकान उघडण्याआधी खुंट्या घेऊन बसू लागली. मला वाटलं, व्यायाम करतेय. मीही शहाणी, कौतुक करत राहिले.

तिसऱ्या खेपेला मीही सोबत होते. सव्वीस सेकंद. बाईंचा चेहरा खुलला. "काकू, केवढी सुधारणा!"

"होणारच. रोज करते ना घरी."

बाईंचं पेन थांबलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काकू, आता हा गुण औषधाचा की सरावाचा, मी कसं सांगू?"

मावशीचा चेहरा उतरला. सहा महिने ती त्या गोळीच्या आशेवर जगत होती. "मग मला काढून टाकणार?"

"नाही. पण सरावाचं लिहावं लागेल. डाव्या हाताचाही केलात?"

"डाव्याने कुठे शिवते मी?"

मग डाव्या हाताची पाळी आली. दोन खुंट्या खाली पडल्या. मी मनातल्या मनात तिला ढकलत होते.

"सदतीस," बाई हळूच म्हणाल्या.

"पहिल्यांदा किती होते?"

"अठ्ठावीस."

मावशीने पडलेल्या खुंट्या उचलून फळीवर ठेवल्या. आपल्याला गोळीचा गुण आलेला नाही, हे तिला कळलं होतं. बाईंचं पेन अजून कागदावर टेकलं नव्हतं.

"लिहा सदतीस," ती म्हणाली. "माझ्या हौसेपायी दुसऱ्या कुणाचं माप चुकायला नको."

आणि तिने पुढच्या खेपेची तारीख विचारून घेतली.