श्वास रोखा, बाई!

१४ जून. फिजिक्सच्या सरांचं कपाट रिकामं करायला घेतलं. सर बढती घेऊन पुण्याला गेले. कचरा इथं परंड्याच्या कॉलेजात ठेवून गेले.

"श्वास रोखा, बाई!" हे त्यांचं वाक्य मी प्रयोगशाळेत सहा वर्षं ऐकलं. मी तिथली सहायक. सर कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांपासून अमोनिया ओळखणारं यंत्र बनवायचे. काजळीसारखा काळा थेंब बारीक तारांवर सोडायचा, सुकवायचा. वायू आला की तारांमधला विजेचा रोध वाढतो, भोंगा वाजतो. रीडिंग घेताना आम्ही पुतळे व्हायचं. श्वासानं म्हणे आकडे बिघडतात.

माणसाच्या श्वासानं बिघडणारं यंत्र माणसांच्या खोलीत कसं चालेल, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. सरांना पडला नाही.

एकदा घाईत मी अमोनियाच्या द्रावणाऐवजी नुसत्या पाण्याची बाटली यंत्राखाली धरली. आकडा उसळला.

"आला! आला अमोनिया!" सरांनी टाळ्या वाजवल्या.

"सर, हे पाणी आहे."

त्यांनी लेबल वाचलं, बूच लावलं. "बाई, तुम्ही बाटल्या धुवा. ओलावा आपण गणितात वजा करू."

वजा काही केला नाही. तेच यंत्र गावातल्या दूध शीतकरण केंद्रात बसवलं. नारळ, फोटो, शाल. शाल सरांनी घरूनच आणली होती.

आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, त्या केंद्रात कॉम्प्रेसरवर आहेत. दूध थंड करायला तिथं अमोनिया फिरतो. गळाला तर डोळे जातात, दम कोंडतो. फरशी दिवसातून तीनदा धुतात आणि प्रत्येक धुण्याला यंत्र बोंबलायचं. आठवड्यात कामगारांनी त्याला प्लास्टिकची पिशवी बांधली. सर पाहुणे घेऊन यायचे, पिशवी सोडायचे, "बघा, किती शांत!" म्हणायचे आणि जाताना स्वतःच्या हातानं परत बांधायचे.

माणूस आळशी नव्हता. रविवारीही यायचा; एकेक थेंब पुन्हा पुन्हा सोडायचा. म्हणूनच जास्त चीड येते. एवढी मेहनत केली, पण साधं पाणी तपासून बघायची छाती झाली नाही.

कपाट आवरून घरी आले. जेवताना मालक म्हणाले, "मॅनेजर सायेब म्हनले, मशीन हाय की, पाळीला दोन मानसं कशाला? उद्यापास्नं मी एकटाच."

"आणि पिशवी?"

"हाय की बांधलेली. सोडली की लई कोकलतंय."

"अन् तुम्ही व्हय म्हणालात?"

"मग काय म्हनू? सरांनी लिहून दिलंय, मशीन चांगलं हाय म्हनून."

१५ जून. सकाळी मी मालकांबरोबर केंद्रात गेले. मॅनेजरना कॉम्प्रेसरच्या खोलीत बोलावलं, पिशवी फाडली आणि त्यांच्याच हातातला वाफाळता चहा घेऊन यंत्राखाली धरला. भोंगा सुरू झाला.

"साहेब, पळा, अमोनिया!" मी म्हणाले.

त्यांनी आधी चहा हुंगला, मग खडू उचलला. ड्युटीच्या फळ्यावर मालकांच्या नावाखाली दुसऱ्या माणसाचं नाव लिहून झालं, मगच मी कॉलेजची वाट धरली.