मिशनचे पहिलवानमामा

कुस्ती संपली की पहिलवानमामा मातीत गुडघे टेकायचे. जिंकले तरी टेकायचे, हरले तरी टेकायचे, आणि दोन्ही वेळा सारखाच वेळ. जिंकल्यावर फेटा बांधायला आलेली मंडळी ताटकळत उभी राहायची. हरल्यावर पोरं मागून हसायची. मामांना त्याचं काही नसे. डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे आणि अंगाची माती न झटकता उठायचे.

ते मूळचे आमच्या शेलूबाजारचे नव्हेत. मोठ्या दुष्काळात आईबाप गेले आणि वाशीमच्या मिशनने त्यांना वाढवलं. पाद्रीसाहेबांना त्यांचा सुतार करायचा होता. यांनी रंधा सोडून लंगोट कसला. दिवाळीनंतर जत्रेमागून जत्रा लढत फिरायचं, त्यावरच त्यांचं घर चालायचं. आखाड्यातल्या मारुतीपुढे ते हात जोडत नसत, पण मारुतीपुढची जागा रोज तेच झाडायचे. उस्तादांना तेवढं पुरे होतं. मला मात्र त्यांच्या एका गोष्टीचा भारी राग यायचा, जेवणाआधीच्या प्रार्थनेचा. मामी गरम भाकरीवर तूप वाढायच्या, आणि ते थिजून पांढरं होईस्तोवर यांचं आमेन काही यायचं नाही.

मला डावपेच शिकवले ते त्यांनीच. शिकवताना हमखास एक वाक्य असायचं, "समोरच्याचा हात धर, पन मोडू नोको. त्याच हातानं तो उद्या वखर धरनार हाये." वीस-बाविसाव्या वर्षी असं कोण ऐकतं? मला वाटायचं, मामा म्हातारे झाले.

मग मामींना खोकला लागला. त्यांना मूलबाळ नव्हतं. गावात ख्रिस्ती घरं चारच आणि त्यांना स्मशान नव्हतं. माणूस गेलं की बैलगाडीत घालून वाशीमला न्यायचं. मामींनी एकच धोशा लावला होता, "मले वाशीमले नेऊ नका. तिथं माह्यापाशी कोन येईन?" ओढ्याकाठी देशमुखांचा पडीक तुकडा होता. मामांनी तो दोनदा मागून पाहिला होता. तिसऱ्यांदा गेले तेव्हा देशमुख चैत्राच्या जत्रेची कुस्ती ठरवत बसले होते. ते हसून म्हणाले, तुझ्याच पठ्ठ्याशी लढ, त्याला चीत कर, तुकडा तुमच्या लोकांचा.

तो पठ्ठ्या म्हणजे मी. मी मनाशी ठरवून टाकलं की आपण पडायचं. मामांनी ते कसं ओळखलं देव जाणे, आदल्या दिवशी घरी आले आणि ओसरीवरही न टेकता म्हणाले, "खोटा लढू नोको. खोट्यानं भेटलेल्या मातीत मी तिले ठेवनार नाही."

म्हणून खरा लढलो. मामा चाळिशी ओलांडलेले, तरी त्यांनी मला पालथं घातलं आणि उजवा हात पाठीवर मुरगळून मला उलटवायला घेतलं. माझ्या खांद्यात काहीतरी कटकन वाजलं. तेवढ्यात त्यांची पकड सैल झाली. मी विचार केला नाही. तसाच फिरलो, पाय धरून ओढला, आणि मामांची पाठ मातीला लागली. मैदान ओरडत होतं. ती पकड सुटली नव्हती, सोडली होती, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

मामा उठले आणि नेहमीसारखे गुडघे टेकून बसले. देशमुखांनी विचारलं, "आता कायचे आभार मानून राह्यला, पहिलवान?"

मामा म्हणाले, "मालक, हारलो तरी देव तोच हाये."

माझ्या डोक्यावर फेटा चढला. इतका जड फेटा मी पुन्हा कधी बांधला नाही.

मामी श्रावणात गेल्या. वाशीमच्या वाटेवर गाडीचं चाक काळ्या चिखलात रुतलं. मी उजवा खांदा लावून ते काढलं आणि तिथेच, चिखलात उभ्याउभ्या, चार महिने पोटात ठेवलेलं विचारलं. काहून सोडलं, मामा?

त्यांनी आधी गाडीतलं मामींवरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाले, "तिले ठेवाले जागा वाशीमलेबी हाये. तुले दुसरा हात कुठं भेटला असता?"

त्यानंतर मामा परतलेच नाहीत. चर्चच्या मागच्या खोलीत राहिले आणि जन्मभर आखाडा झाडला तसं ते स्मशान झाडू लागले. मामींपाशी कोणीतरी असायला हवं होतं ना. मी जात असे, पण जायला हवं होतं तितका गेलो नाही. शेतीची कामं असतात, असं आपण स्वतःला सांगतो. आजही गरम भाकरीवर तूप पडलं की माझा हात थांबतो. वाटतं, समोर मामा डोळे मिटून बसलेले असावेत आणि ते तूप खुशाल थिजावं.

मामा गेल्याचा निरोप आला तेव्हा हरभऱ्याची सोंगणी चालू होती. विळा टाकून तसाच गेलो. त्यांच्यात पेटी दोरांनी खाली सोडतात. एक टोक मी मागून घेतलं आणि उजव्या हाताने हळूहळू सैल करत गेलो. पेटी मामींच्या शेजारी टेकली. लोकांनी मूठमूठ माती टाकली आणि पांगले.

मी त्या मातीत गुडघे टेकले. त्यांची प्रार्थना मला येत नव्हती. मामा जेवढा वेळ टेकून राहायचे, तेवढा वेळ फक्त तसाच राहिलो.