अर्धा गोरसपाक

"आधी ताट वाचा, मग खा," असं म्हणत गुरुजी ताटावरून बोट फिरवायचे. अर्ध्या ताटात भाज्या, पाव ताटात वरण, उरलेल्या पावात भाकर. जन्मभर भूमिती शिकवलेला माणूस. निवृत्तीनंतर फळा सुटला, तर त्यांनी स्टीलचं ताट पुढे ओढलं.

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत गुरुजींचं आणि माझं, कुंपणाला कुंपण लागून घरं. मला शुगर निघाली तेव्हा त्यांची वीस वर्षं जुनी होती. माझ्या वडिलांचा पाय शुगरपायीच कापावा लागला होता. मी असा घाबरलो की भात, पोळी, फळं, सगळंच सोडलं. सकाळी गोळी आणि वर कारल्याचा रस. पाचव्या दिवशी फाटकापाशी हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला, आणि मी तिथेच बसलो.

गुरुजी धावत आले. "गोळी घेतली?"

"घेतली."

"अन् खाल्लं काय?"

"कारलं."

ते घरात पळाले आणि येऊन माझ्या तोंडात चमचाभर साखर कोंबली. एका शुगरवाल्यानं दुसऱ्याला! मी तोंड फिरवलं तर ओरडले, "गिळा मुकाट्यानं!" मी सावरल्यावर स्वतः दवाखान्यात घेऊन गेले. वाटेत म्हणाले, "भेवानं उपाशी काऊन मरून राह्यले? शुगर झाली म्हणून जेवण सुटत नाई. जेवण शिकावं लागते."

मग शिकवणी सुरू झाली. ज्वारीची भाकर चांगली, म्हणून चार खायच्या नाहीत. अंबाडीची भाजी पोटभर खा, पण तिच्यात गूळ नको. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन आला की गुरुजी ताटावर आडवा हात धरत. यजमानाचा आग्रह त्या हातापुढे हरायचा.

तुमच्याही ओळखीत असा कडक मास्तर असेल. आमचा मास्तर एकदा चुकला. एकादशीला भरपूर साबुदाण्याची उसळ खाल्ली, "उपासाले काय होते?" म्हणून. दुसऱ्या दिवशी रिपोर्टचा कागद घेऊन ते माझ्याकडे आले आणि खाली मान घालून म्हणाले, "आज मी नापास." मला हसू आवरेना. त्या दिवसापासून ते मला जास्तच आवडायला लागले.

दर रविवारी मात्र मौज असे. मी एक गोरसपाक, आमच्या वर्ध्याचं गाईच्या तुपातलं गोड बिस्किट, आणायचो. कुंपणावरून आम्ही तो मोडायचो, अर्धा त्यांचा, अर्धा माझा. त्या दिवशी भाकर तेवढी कमी. गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, बाजूला उभ्या राहून आमच्यावर नजर ठेवत.

यंदा पोळ्याच्या सुमारास गुरुजी गेले. सकाळी पायी फिरून आले आणि दुपारच्या झोपेतून उठलेच नाहीत. पंचाहत्तरीतही दोन्ही पाय धड होते. मी खूप रडलो.

त्यानंतरच्या एका रविवारी सवयीनं गोरसपाक मोडला आणि अर्धा तुकडा हातात घेऊन कुंपणापाशी उभा राहिलो. काकू आल्या.

"आणा इकडं, भाऊ. तुमचा भरोसा नाई, दोन्ही खासान."

काकूंना गोड मुळीच आवडत नाही. तरी दर रविवारी त्या कुंपणावरून हात पुढे करतात.