दाळीचा मोर

माझी बोटं लई जाड आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. उभा जन्म टेम्पोचं स्टिअरिंग धरण्यात गेला. लातूरला दाळ भरायची, चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला उतरवायची अन् येताना मिळेल तो माल टाकून परत यायचं. शर्टाचं बटण तुटलं तर मी तसाच फिरतो, पण सुईच्या नादाला लागत नाही. असल्या माणसानं पोरीच्या लग्नाचं अख्खं रुखवत घरी बसून केलं, असं मला आधी कुणी सांगितलं असतं तर मीच त्याला म्हणलो असतो, गड्या, ऊन लागलंय तुला, जरा सावलीला बस.

पण केलं. अन् अजूनही ते सांगायला लागलो की मला बसून सांगवत नाही, उभं राहावं लागतं.

रुखवत म्हणजे नवरीकडच्यांनी मांडवात मांडायचं टेबल. त्यावर घरी केलेल्या शोभेच्या वस्तू ठेवायच्या, अन् नवरदेवाकडच्या बायांनी येऊन एकेक वस्तू उचलून, उलटी करून बघायची. माझी बायको या कामातली पोचलेली. गल्लीतल्या कुठल्याही पोरीचं लग्न ठरलं की तिची आई आधी आमच्या दारात. कुणाला सुपारीचं वऱ्हाड करून दे, कुणाला लोकरीचं तोरण, कुणाला खोबऱ्याच्या वाटीवर नक्षी. घरात पडलेल्या वस्तूंतनंच करायचं, हा तिचा हट्ट. "इकतच आणायचं तर रुखवत कशाला म्हणता, दुकान म्हणा," असं ती तोंडावर सांगायची. अन् आमची पोर शाळेत जायला लागली तेव्हापासनं म्हणायची, हिच्या लग्नात असं रुखवत मांडीन की मांडव रिकामा पडंल अन् टेबलापाशी गर्दी होईल.

पोरीचं लग्न लोह्याच्या पाहुण्यांकडं ठरलं अन् त्याच पावसाळ्यात बायकोला चिकनगुनिया झाला. ताप गेला, बोटं मात्र सुजून राहिली. भाकर थापता येईना, कपाचा कान धरता येईना. डॉक्टर म्हणाले, हळूहळू कमी होईल, धीर धरा. आम्ही धरू हो, पण लग्न थोडंच धीर धरतंय? तारीख निघाली होती हिवाळ्याच्या शेवटाला.

एका दुपारी ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "अवं, रुखवत किरायानं आणू. तयार मिळायलंय आता, काचेच्या पेट्यांत."

हे तिच्या तोंडून यावं? गल्लीभरच्या पोरींची टेबलं या बाईनं भरली अन् हिच्याच पोरीपुढं किरायाचं? मला रागच आला. पण काढायचा कुणावर, डासावर?

मी म्हणलं, "किरायाचं काही येणार न्हाई आपल्या घरात. तू तोंडानं सांग, मी करतो."

ती वळली, माझ्या हातांकडं बघत राहिली अन् हसली. ताप आल्यापासनं पहिल्यांदा हसली. "तुम्ही? तुम्हाला पुडीची गाठ सुटत न्हाई."

"सुटत न्हाई म्हणून तोडतो. काम होतंय का न्हाई?"

सुरुवात केली लग्नपत्रिकांपासनं. आपल्याकडं कुणाच्याही घरी पलंगाखाली जुन्या पत्रिकांचा गठ्ठा असतोच. टाकवत नाहीत अन् कामालाही येत नाहीत. जाड कागद, वर सोनेरी छपाई, तेही फुकट. ती बाजेवर, मी खाली सतरंजीवर. बोटभर रुंदीची पट्टी कापायची, एका कडेला कात्रीनं बारीक झालर करायची, पट्टी काडीभोवती गुंडाळायची, बुडाला मैद्याची खळ लावायची अन् झालर बाहेर वळवायची. झालं फूल. सांगायला एवढंच. माझ्या हातात पट्टी आली की आधी चुरगळायची, मग फाटायची.

"अवं, कागद हाय त्यो, ताडपत्री न्हाई," ती म्हणायची. "जरा मायेनं धरा."

पहिलं फूल फुलकोबीवाणी झालं. दुसरं त्याच्याहून वाईट. मग पुढच्या एकाला काय झालं कुणास ठाऊक, झालर आपसूक उमलली, पाकळ्यांवर सोनेरी अक्षरं चमकायला लागली, अन् मी ते फूल घेऊन रस्त्यावर पळालो. खरंच पळालो, पायात चप्पल नव्हती. शेजारी बांगड्या भरणारी खाला राहते. गल्लीतल्या सगळ्या नवऱ्या तिच्याच हातून चुडा भरून सासरी गेल्या. तिला फूल दाखवलं. तिनं ते फिरवून फिरवून बघितलं, आत गेली अन् जोडी फुटलेल्या एकट्या बांगड्यांची पिशवीच घेऊन आली. "लो भाई, इसका तोरण बनाओ."

तोरणाला लोकर लागते. माझा जुना स्वेटर उसवला. बांगडीवर लोकर गुंडाळायची, अशा बांगड्या एकमेकींत अडकवायच्या, खाली पत्रिकेचं फूल लटकवायचं. मी गाडीवरचा दोर आवळावा तशी लोकर आवळली अन् बांगडी कटकन मोडली. खाला दारातनं बघतच होती. "बांगडी को फांसी दे रैं क्या भाई? ढीली छोडो." बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. मी मनात म्हणलं, मोडू दे अजून दोन-चार.

अन् मग मला याचं वेडच लागलं. रस्त्यानं जाताना माझी नजर बदलली. पूर्वी खड्डे दिसायचे, आता सामान दिसायला लागलं. अहमदपूरला कुल्फीच्या गाडीपाशी टेम्पो थांबवून मी खाली पडलेल्या काड्या वेचायचो. गाडीवाल्याला वाटलं माणूस कामातनं गेला. त्यानं विचारलं, "मामा, काय करायलात?" मी म्हणलं, "घर बांधायलोय." खोटं कुठं बोललो? गरम पाण्यात उकळून, वाळवून त्या काड्यांचं घर बांधलं, पुढं ओसरी, ओसरीवर आगपेटीची बाज. नारळाच्या करवंट्या घासून घासून आरशासारख्या केल्या. पिस्त्याची टरफलं तर लोकांच्या ताटातनं मागून आणली. लाज सोडली की सामानाला तोटा नाही, हे मी नवशिक्यांना अनुभवानं सांगतो.

सुपारीचं वऱ्हाड केलं. सुपारीला रंगानं नाक-डोळे काढायचे, चिंधीचे कपडे घालायचे. आमच्यात लग्न बुद्धवंदनेनं लागतं, तर नवरा-नवरीला पांढरे कपडे घातले अन् मागं बँडवाले बसवले. एका सुपारीचे डोळे तिरळे झाले. बायको म्हणाली, राहू द्या, हा तुमचा भाऊ. पोर कामावरनं आली की आधी आमच्या सतरंजीपाशी यायची, दोघांकडं बघायची अन् म्हणायची, "मम्मी, तू पप्पांना रागवायलीस का शिकवायलीस?" दोन्ही चालू असायचं.

आता मोराचं सांगतो. रुखवतात मधोमध ठेवायला बायकोचा ठरलेला नग म्हणजे दाळीचा मोर. हातभर पुठ्ठा मोराच्या आकारात कापायचा अन् त्यावर दाळी चिकटवायच्या: मान हिरव्या मुगाची, पिसारा तुरीचा अन् मसुरीचा, पिसावरच्या डोळ्याला काळा उडीद. लातूरच्या माणसाला दाळीची काय कमी? मी चार दिवस मान मोडून एकेक दाणा बसवला. पिसारा असा पसरला होता की मी आपला बघतच बसायचो. तिनं निक्षून सांगितलं, "घरातच सावलीला वाळवा. खळ ओली हाय." पण मला कुठला दम? बाहेर ऊन मस्त पडलेलं. ती झोपलेली बघून मी मोर गच्चीवर नेऊन ठेवला अन् चहाला गेलो.

परत आलो तर गच्चीवर पारव्यांची पंगत बसलेली. ओली दाळ, आयती वाढलेली. मी ओरडत धावलो, पारवे उडाले. मान तेवढी शाबूत होती. पिसाऱ्याच्या जागी खळीचे डाग अन् चोचींची भोकं. हो, डोळ्यात पाणी आलं, लपवायचं काय त्यात.

पुन्हा पिसारा करायला वेळ नव्हता, लग्न तोंडावर आलेलं. मी भोकाचा पुठ्ठा कापून टाकला अन् उरलेल्या बुडख्यावर पिस्त्याची टरफलं चिकटवली. खाली आणून बायकोपुढं धरला.

तिनं बराच वेळ बघितला. "कोंबडी हाय ही."

"मोर हाय."

"कोंबडी. ही टेबलावर ठेवली तर माझं नाक कापलं जाईल. गल्लीतल्या समद्या बाया येणार, लोह्याच्या येणार. माझा हात ओळखतात त्या."

मग हळूच म्हणाली, "सगळ्यांच्या पोरींचं करत आले अन् माझ्या पोरीच्या रुखवताला माझं बोट लागलं न्हाई. त्यांना कळंलच. काय सांगू मी?"

तेव्हा मला उमगलं, की इतके महिने हेच तिच्या काळजाला कुरतडत होतं. मी म्हणलं, "कुणाला काही सांगू नको. विचारलं तर हाव म्हण, तूच केलंस. शिकवलं तूच ना? मी कशाला तोंड उघडतो?" ती नुसती "बरं" म्हणाली. मोर मात्र टेबलावर येणार नाही, हे ठरलं. मी त्याला खोक्यात घातला. फेकवला नाही. लग्नाच्या दिवशी बाकीच्या सामानाबरोबर तोही टेम्पोत गेला अन् केबिनमध्येच राहिला.

मांडवात टेबल मांडलं. तोरण, फुलं, काड्यांचं घर, करवंट्या, वऱ्हाड. वर पांढरं कापड टाकलं. आमच्याकडं ते कापड काढताना नवरीच्या आईनं उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं असतं. माझी बायको लग्न झाल्यापासनं एकच उखाणा वापरत आली आहे. तो इतका जुना, की बाया तिच्याबरोबर म्हणतात. मी खांबापाशी उभा होतो, काही संबंध नसल्यासारखा.

कापड निघालं. बाया पुढं सरकल्या. तोरणाला हात लावला, फुलं उलटी करून बघितली. आमच्या गल्लीतली एकजण विहीणबाईंना म्हणाली, "बघा, सांगितलं न्हवतं? हिचा हातच येगळा हाय." विहीणबाईंनी मान डोलवली. आता बायको हाव म्हणणार अन् सगळं सुरळीत पार पडणार, असं मला वाटलं. बाया म्हणाल्या, नाव घ्या. तिनं पदर सावरला, माझ्याकडं बघितलं अन् कधी न ऐकलेला उखाणा घेतला:

"बोटं माझी रुसली, सुई काही धरंना,
अमुकरावांनी केलं रुखवत, कौतुक माझं सरंना."

अमुकच्या जागी माझं नाव होतं. घटकाभर कुणालाच समजलं नाही. मग सगळ्या बाया एकदम माझ्याकडं वळल्या अन् मी खांबामागं सरकलो. खांब बारीक होता. खाला लांबून टाळ्या पिटायला लागली. पोर नवरीच्या वेषात हसून हसून बेजार. माझे कान तापले, पण खरं सांगतो, लग्नात घोड्यावर बसलो तेव्हासुद्धा मी एवढा ताठ नव्हतो.

बायकोनं मला हातानं खुणावलं. जवळ गेलो. "टेम्पोत हाय ना ते?" तिनं विचारलं.

"काय?"

"जा, घेऊन या."

मी पळतच गेलो. खोकं आणलं, मोर काढून तिच्याकडं दिला. सुजलेल्या दोन्ही पंजांत तिनं तो कसाबसा धरला, वऱ्हाड बाजूला सारलं अन् टेबलाच्या बरोब्बर मधोमध ठेवला.

नवरदेवाची आजी पुढं आली. म्हातारीनं वाकून, चष्मा वर करून बघितलं. "बाकी कायबी म्हणा," ती म्हणाली, "कोंबडी लई झ्याक जमलीया."

आजूबाजूच्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मीही हसणारच होतो. बायको हसली नाही. ती माझ्या अंगाला अंग लागेल इतकी जवळ उभी होती, अन् पोरीच्या आजेसासूबाईंना तिनं सगळ्यांदेखत ठणकावून सांगितलं.

"मोर हाय तो."